मिठाचा रेणू कुठे गेला?

मागच्या व्याख्यानात आपण वायूंबद्दल बोललो. वायूंचा इतिहास सांगायला तसा सोपा. १६६२ साली बॉइलने दाब आणि आकारमान यांचा नियम दिला, पुढे तापमानाचा नियम आला आणि गाडी रुळावर पडली. सगळे वायू साधारण एकसारखेच वागतात, त्यामुळे एकाचा नियम सापडला की बाकीच्यांचाही निम्मा सापडतो. स्थायूंचं तसं नाही. लोखंड, मेण, हिरा, बर्फ, डांबर, मीठ आणि काच हे सगळे एका रांगेत बसवायचे म्हणजे कठीणच काम.

शाळेत आपण व्याख्या पाठ केली होती: ज्याला ठरावीक आकार आणि ठरावीक आकारमान असतं तो स्थायू. मग एक तक्ता असायचा. डावीकडे 'स्फटिकी', उजवीकडे 'अस्फटिकी'. डावीकडे मीठ, साखर, हिरा; उजवीकडे काच, रबर, डांबर. पुढच्या पानावर आयनिक, सहसंयुज, धातूरूप आणि रेणवीय असे आणखी चार रकाने. आम्हीही हा तक्ता मुलांकडून अनेक वर्षं घोकून घेतला. पण या रकान्यांमधली रेघ कुणी आखली, आणि ती आखताना कुणाशी भांडण झालं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही पुढे सांगितलं नाही. आज त्याची थोडी भरपाई करू.

इथे टेबलावर तीन बश्या आहेत. पहिलीत खडीसाखर, दुसरीत पाकाची गोळी, तिसरीत जत्रेत मिळतात ते म्हातारीचे केस. तिन्ही साखरच. खडीसाखरेला सपाट, चकचकीत बाजू आहेत, कोपरे आहेत. गोळी फोडली तर काचेसारखी फुटते, कुठेही कशीही. म्हातारीचे केस तर दमट हवेत थोडा वेळ ठेवले की आधी चिकट होतात आणि मग रवाळ. घरी पाक करताना तो पुन्हा साखरेवर येऊ नये म्हणून लिंबू पिळतात. त्या आम्लाने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, आणि हे उपरे मध्ये आले की साखरेच्या रेणूंना रांग धरता येत नाही. म्हणजे स्फटिकी आणि अस्फटिकी हा पदार्थाचा जन्माचा दाखला नव्हे. तीच साखर कशी थंड झाली, किती सवडीने थंड झाली, यावर ते ठरतं. ही गोष्ट आपल्या तक्त्यात दिसत नाही.

आता मागे जाऊ. १६११ साली प्राग शहरात केप्लरने आपल्या एका आश्रयदात्याला नवीन वर्षाची भेट म्हणून एक छोटं पुस्तक दिलं. विषय होता हिमकण. हिमकणाला नेहमी सहाच कोपरे का, पाच किंवा सात का नाहीत? उत्तर काही त्याला सापडलं नाही, पण गोळे एकमेकांना चिकटून रचले तर षटकोन आपोआप तयार होतो, हे त्याने लिहून ठेवलं. फळवाला संत्री रचतो तशी रचना. १६६५ साली रॉबर्ट हूकनेही तुरटीच्या खड्याचे आकार गोळ्या रचून दाखवता येतात असं म्हटलं. आणि १६६९ साली स्टेनो या डॅनिश माणसाने गारगोटीचे स्फटिक पाहून सांगितलं की स्फटिक लहान असो, मोठा असो, वाकडातिकडा वाढलेला असो, त्याच्या बाजूंमधले कोन बदलत नाहीत. पुढे शंभरएक वर्षांनी पॅरिसमध्ये रोमे द लील याने कोनमापक घेऊन अनेक खनिजांवर हीच गोष्ट मोजून दाखवली, १७८३ साली. इथवर सगळं निरीक्षण. आतमध्ये काय आहे, हा प्रश्न तसाच.

तो प्रश्न ज्याने हातात घेतला त्याच्यापाशी आपण जरा थांबणार आहोत. रने-जुस्त आउई. जन्म १७४३चा, एका गरीब विणकराच्या घरी. चर्चच्या मदतीने शिकला, पाद्री झाला, पॅरिसच्या एका कॉलेजात शिकवू लागला. एका मित्रामुळे त्याला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली, आणि मग दोबाँताँची खनिजांवरची व्याख्यानं ऐकून तो दगडांकडे वळला. वनस्पतींकडून आलेला माणूस, म्हणून त्याला एक गोष्ट खुपली. गुलाबाचं फूल कुठेही गुलाबासारखंच दिसतं, मग एकच खनिज, उदाहरणार्थ कॅल्साइट, इथे सहा बाजूंच्या खांबासारखं, तिथे टोकदार सुळ्यासारखं आणि आणखी कुठे चपट्या विटेसारखं का सापडतं?

पुढची कथा प्रसिद्ध आहे. साधारण १७८१ साली एका संग्राहकाच्या घरी कॅल्साइटचा एक सुंदर खांब आउईच्या हातून पडला आणि फुटला. यजमानाने तुकडा त्यालाच देऊन टाकला. फुटलेल्या जागी गुळगुळीत, सपाट पृष्ठ होतं, आणि त्याची तिरपी दिशा आउईच्या ओळखीची निघाली. घरी जाऊन त्याने स्वतःच्या संग्रहातले कॅल्साइट फोडायला सुरुवात केली. सुळ्यासारखा फोडला, आतून तिरपी वीट निघाली. चपटा फोडला, तीच वीट. बाहेरून रूप कोणतंही असो, आतला गाभा एकच. खरं सांगायचं तर कॅल्साइट असा फुटतो हे आधीच्या काही जणांना माहीत होतं, आणि पडलेल्या खड्याची कथा न्यूटनच्या सफरचंदाइतकीच घासूनपुसून लख्ख केलेली असावी असं आम्हाला वाटतं. पण संग्रह फोडायची तयारी दाखवली ती मात्र आउईनेच. ज्यांनी टपाल तिकिटं जमवली आहेत त्यांना यातली किंमत कळेल.

यावरून त्याने मांडलं की स्फटिक म्हणजे अतिशय बारीक, एकसारख्या विटांची रचना. थरावर थर चढताना प्रत्येक थरात एक ओळ कमी केली, दोन ओळी कमी केल्या, की तिरप्या बाजू तयार होतात. आपल्याकडच्या घाटाच्या पायऱ्या लांबून सपाट उतारासारख्या दिसतात, तसंच. आणि ओळी पूर्ण संख्येतच कमी होऊ शकतात, अर्धी वीट नाही, म्हणून कोन वाटेल ते येऊ शकत नाहीत, ठरावीकच येतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या विटेबद्दल मोजमापाने बोलायची ही सुरुवात. १७८४ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं. डाल्टनचा अणुसिद्धान्त अजून वीस वर्षं दूर होता.

मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणाऱ्या पाद्र्यांना ऑगस्ट १७९२ मध्ये पकडलं, त्यात आउईही होता. त्याचा विद्यार्थी जोफ्रवा सेंत-इलेर, वय वर्षं वीस, याने धावपळ करून सुटकेचा हुकूम आणला. सांगतात की आउई कोठडीत आपले स्फटिक मांडून बसला होता आणि आता उशीर झाला, उद्या सकाळी निघू म्हणाला. सुटला खरा. त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्या जागी उरलेल्या पाद्र्यांची कत्तल झाली.

आउईचा आणि आपला एक धागा आहे, तो इथेच सांगून टाकतो. अपोफिलाइट हे खनिजाचं नाव त्याने ठेवलेलं, १८०६ साली. तापवलं की त्याचे पापुद्रे सुटतात म्हणून पानांवरून केलेला ग्रीक शब्द. हे अपोफिलाइट जगात सर्वांत देखणं कुठे मिळतं? आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये. पुणे, नाशिक, जळगाव या भागातल्या खाणींत दगड फोडताना पोकळ्या लागतात आणि त्यात हिरवं, पांढरं अपोफिलाइट, गुलाबी स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट असे झुपके बसलेले असतात. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात आहे. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा निघालेले नमुने विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आपल्या घरांच्या पायात जी खडी पडते त्यात असे किती गेले असतील, याचा हिशोब न केलेला बरा. एक तुकडा आता तुमच्यात फिरवायला देतोय. पृष्ठावर नख फिरवू नका, पण उजेडात तिरका धरून जरूर पाहा.

असो. आउईची वीट पुढे अडचणीत आली. त्याचा आग्रह होता की प्रत्येक पदार्थाची वीट वेगळी. वीट सारखी तर पदार्थ सारखा, वीट वेगळी तर पदार्थ वेगळा. पण कॅल्साइट आणि अॅरागोनाइट दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, आणि स्फटिक मात्र पूर्ण वेगळे. उलट बाजूने १८१९ साली मित्शेर्लिख या तरुण जर्मन रसायनज्ञाने दाखवलं की फॉस्फेट आणि आर्सेनेट, म्हणजे वेगवेगळे पदार्थ, जवळजवळ एकाच आकाराचे स्फटिक देतात. शिवाय वोलॅस्टनने बाजूंवरून परावर्तित होणारा प्रकाश वापरून जास्त अचूक कोनमापक बनवला, तर कॅल्साइटचा कोन आउईच्या हिशोबापेक्षा अर्ध्या अंशाहून थोडा वेगळा निघाला. आउईला आपल्या गणिताचा साधेपणा इतका प्रिय की त्याने ते शेवटपर्यंत मानलं नाही. १८२२ साली तो गेला. चुकीबद्दल त्याला दोष देणं सोपं आहे, पण अर्धा अंश सोडून बाकीचं सगळं त्यानेच दिलेलं होतं.

यानंतर विटा गेल्या आणि बिंदू आले. रसायनज्ञांचा यातला रस कमी झाला आणि गणितज्ञांचा वाढला. ब्रॅव्हेने १८५०च्या सुमारास सिद्ध केलं की अवकाशात बिंदूंची नियमित जाळी १४ प्रकारांनीच रचता येते. १८९१ साली रशियात फेडोरोव्ह आणि जर्मनीत शेन्फ्लीस या दोघांनी स्वतंत्रपणे हिशोब केला की सममितीचे एकूण प्रकार २३०. कमी नाही, जास्त नाही. गंमत अशी की ही सगळी यादी तयार होती, आणि आत खरंच अणूंची जाळी आहे याचा एकही प्रत्यक्ष पुरावा नव्हता. पत्रिका तयार, नवरामुलगा अजून कुणी पाहिलेला नाही.

तो दिसला म्युनिकमध्ये, १९१२ साली. क्ष-किरणांचा शोध लावणारा राँटगेन तिथेच, स्फटिकांच्या जाळीची प्रतिकृती बाळगणारे खनिजशास्त्रज्ञ तिथेच, आणि एवाल्ड नावाचा एक विद्यार्थी जाळीतून प्रकाश कसा जाईल यावर प्रबंध लिहीत होता. त्याने बागेत फिरताना माक्स फॉन लाउए याला आपली अडचण सांगितली. लाउएचं लक्ष भलतीकडेच गेलं. त्याने विचारलं, जाळीतलं अंतर किती? उत्तर ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की क्ष-किरण जर लहरी असतील तर त्यांची लांबी साधारण याच मापाची असावी. मग स्फटिकातून किरण सोडले तर ठिपक्यांची नक्षी मिळायला हवी. विभागप्रमुख झॉमरफेल्ट यांना हे पटेना. उष्णतेने अणू थरथरत असतात, नक्षी पुसली जाईल, असं त्यांचं म्हणणं. पण फ्रीड्रिख आणि क्निपिंग या दोन तरुणांनी प्रयोग केलाच.

पहिला स्फटिक कोणता घेतला? मोरचूद. आपल्याकडे चुन्यात कालवून द्राक्षावर फवारतात तोच. काचपट्टीवर ठिपके उमटले. थोडे धूसर, पण मधल्या मोठ्या डागाभोवती मांडून बसलेले. एका फोटोने दोन वाद मिटले: क्ष-किरण लहरींसारखे वागतात, आणि स्फटिकाच्या आत खरोखरच जाळी आहे. लाउएला १९१४चं नोबेल मिळालं.

ठिपक्यांवरून अणू नेमके कुठे बसलेत हे काढणं मात्र केंब्रिजमधल्या बावीस वर्षांच्या मुलाने साधलं. लॉरेन्स ब्रॅग. वडील विल्यम ब्रॅग लीड्सला प्राध्यापक. मुलाने लाउएचं अवघड गणित बाजूला ठेवून सोपी कल्पना लढवली: अणूंचे थर म्हणजे आरसे, त्यांवरून किरण परावर्तित होतात, आणि दोन थरांमधलं अंतर जुळलं तरच ठिपका दिसतो. १९१३ साली बापलेक एकेक स्फटिक उलगडत गेले. हिरा त्यातलाच. आणि मीठ.

इथे आपण आपल्या मथळ्यापाशी आलो. मिठाचं सूत्र NaCl, म्हणजे एका सोडियमला एक क्लोरीन. तेव्हाचे रसायनज्ञ म्हणत, मिठाचा रेणू म्हणजे ही जोडी, आणि खडा म्हणजे अशा जोड्यांचा ढीग. ब्रॅगच्या चित्रात जोडी सापडेचना. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, सारख्याच अंतरावर. प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. यातला कोणता कुणाचा जोडीदार? कुणीच नाही. घरातल्या मिठाच्या एका बारीक दाण्याची कड साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. त्या एका कडेवर दहा लाखांच्या आसपास कण एका रांगेत उभे असतात, एक सोडियम, एक क्लोरीन, एक सोडियम. रेणू म्हणायचाच तर अख्ख्या दाण्याला म्हणा.

हे पचवणं फार जड गेलं. १९२७ साली, म्हणजे चौदा वर्षांनंतरही, हेन्री आर्मस्ट्राँग या वयोवृद्ध रसायनज्ञाने 'नेचर'मध्ये बिचाऱ्या मिठाची बाजू घेऊन पत्र लिहिलं. बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी साध्या अकलेच्या विरुद्ध आहे, पदार्थविज्ञानवाल्यांनी रसायनाच्या घरात घुसून भलतंसलतं सांगू नये, असा त्याचा सूर. आता हा आर्मस्ट्राँग कोण? मुलांना पाठ करायला लावू नका, प्रयोग करून त्यांनाच शोधू द्या, हे इंग्लंडच्या शाळांना ज्याने शिकवलं तोच. त्याला हसण्याआधी आपण जरा आपल्या वर्गात पाहू. आजही फळ्यावर आपण सर्रास 'मिठाचा रेणू' म्हणतो, पोरं दोन गोळे काढून मध्ये रेघ मारतात, आणि आपण पूर्ण गुण देतो. पुस्तकात सूत्र-एकक, सूत्र-वस्तुमान हे शब्द असतात, ते याच भांडणातून आलेले, पण का आले ते न सांगितल्यामुळे मुलांना वाटतं की रेणूलाच दिलेलं हे आणखी एक अवघड नाव. एका मुलीने आम्हाला वर्गात विचारलं होतं, सर, मीठ पाण्यात विरघळल्यावर रेणू फुटतो की आधीच फुटलेला असतो? आम्ही 'पाण्यात फुटतो' म्हणून पुढे गेलो. उत्तर चुकीचं होतं. फुटायला रेणू होताच कुठे?

एकदा आतलं चित्र दिसल्यावर चार रकाने समजायला वेळ लागत नाही. मिठात विरुद्ध भाराचे कण एकमेकांना धरून असतात: म्हणून ते कठीण, ८०१ अंशांना वितळणारं, आणि हातोडी मारली की एक थर सरकून सारखे भार समोरासमोर येतात, म्हणून ठिसूळ. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चौघांशी बांधलेला, म्हणून त्याची ती ख्याती. तांब्यात इलेक्ट्रॉन सामायिक, थर सरकले तरी बंध तुटत नाही, म्हणून तांबट ठोकून ठोकून त्याचा हंडा करू शकतो. आणि साखर, बर्फ, नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या यांत मात्र खरेखुरे रेणू असतात, एकमेकांना सैल धरलेले. म्हणून डांबरगोळी कपाटात बसल्या बसल्या हवेत निघून जाते.

आता उजवीकडचा रकाना, अस्फटिकी. त्याचा इतिहास तोकडा आहे, कारण जे नियमित नाही त्याचं वर्णन करायला साधनच नव्हतं. १९३२ साली झाखारियासेनने काचेबद्दल म्हटलं की गारगोटीत असतात तसेच इथेही प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, शेजारघर तेच. फक्त गल्ल्या सरळ नाहीत, गावठाणासारख्या वळत जातात. सगळे बंध सारख्या ताकदीचे नसल्यामुळे एकाच तापमानाला सगळे सुटत नाहीत. म्हणून काच एकदम वितळत नाही, हळूहळू मऊ होते, आणि म्हणूनच फुंकून तिची बाटली करता येते. युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात कारण काच शतकानुशतकं ओघळते, असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. त्या काळी काच एकसारख्या जाडीची बनवताच येत नव्हती. नेहमीच्या तापमानाला काच स्थायूच आहे.

हा तक्ता पुढे एकदा हलला. सपाट फरशी त्रिकोणी, चौकोनी किंवा षटकोनी लाद्यांनी भरता येते, पण नियमित पंचकोनी लाद्यांनी नाही, फटी राहतात. म्हणून स्फटिकात पाचाची किंवा दहाची सममिती अशक्य, हे २३० प्रकारांच्या यादीतच लिहिलेलं होतं. ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत काम करणाऱ्या डॅन शेख्तमान या इस्रायली संशोधकाला अॅल्युमिनियम-मँगनीजच्या झटकन थंड केलेल्या मिश्रधातूत दहा ठिपक्यांचं स्वच्छ वर्तुळ दिसलं. वहीत त्याने त्यापुढे प्रश्नचिन्हं काढून ठेवली. गटप्रमुखाने त्याला गट सोडायला सांगितलं. निबंध छापून यायला १९८४ उजाडलं. लायनस पॉलिंग, दोन नोबेलांचा धनी, रासायनिक बंधांवरचा त्या काळचा शेवटचा शब्द, अखेरपर्यंत त्याच्या विरोधात बोलत राहिला. त्या ठिपक्यांमागे मांडणी होती, पण पुनरावृत्ती नव्हती. १९९२ साली स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली: आता जाळी असायलाच हवी असं नाही, ठिपके स्पष्ट उमटले की पुरे. शेख्तमानला २०११ साली नोबेल मिळालं.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ, पण त्याआधी अपोफिलाइटचा तो तुकडा मागच्या रांगेतून पुढे येऊ द्या. खडीसाखरेची बशी रिकामी दिसतेय, त्याबद्दल तक्रार नाही.